तिसऱ्या दिवसाची पाहुणी

सकाळी फोन वाजला तेव्हा मी आक्काची पिशवी भरत होते. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात तिनं बजावलं होतं, "धुतलेलं एक पातळ घाल, टॉवेल घाल, तांब्या घाल. डॉक्टर सोडत्यात आज-उद्या. सोडलं की लगेच जायाचं." डॉक्टर सोडणार नव्हते हे मला कळत होतं, तिलाही कळत असावं. पण आक्काशी वाद घालायला अंगात बळ लागतं आणि माझ्यात ते त्या दिवशी नव्हतं. मुकाट्यानं घरी आले, सकाळी उठून पातळाची घडी घातली, आणि फोन वाजला. पलीकडं सुमन होती, आक्कानं चालवलेल्या निराधार मुलींच्या घरातली स्वयंपाकाची बाई, रात्री दवाखान्यात तिच्यापाशी थांबलेली. ती बोलतच नव्हती, नुसती रडत होती... "कळलं गं," म्हटलं आणि फोन ठेवला. पुढं काय करावं ते सुचेना, म्हणून तांब्या पिशवीत घातला आणि तोंड बांधून पिशवी दाराशी ठेवली.

आता या गोष्टीला बरेच आठवडे झाले. मध्यंतरी शोकसभाही झाली. आक्काला कुणी निराधारांची सावली म्हणालं, कुणी दीपस्तंभ म्हणालं. मी मागच्या खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. दोन शब्द बोला, असा आग्रह मलाही झाला, पण मी नको म्हटलं. थकवा होताच, आणि मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून सांगण्याजोगं नव्हतं. मला सांगायचं होतं ते एवढंच की, आमची आक्का, पद्मावती खोत, ही बाई आयुष्यभर लोकांच्या घरी न बोलावता पाहुणी म्हणून जायची आणि त्यांना नकोशी होईपर्यंत राहायची. हेच तिचं काम होतं. बाकी सावली वगैरे लोकांचं लोकांपाशी.

माझी सगळी नोकरी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. घरातून निघून आलेलं मूल बहुधा पहिल्यांदा स्टँडवरच येतं. गाडीतून उतरताना ते अगदी राजासारखं उतरतं, आणि दोन-तीन दिवसांत फलाटाच्या कडेला अंग चोरून बसलेलं दिसतं. खिडकीतून मी असली पोरं इतकी बघितली की, शेवटी शेवटी बघून न बघितल्यासारखं करायचे. डोळ्यांनाही रजा लागते. आक्काचं घर हातकणंगल्याच्या बाजूचं, शेती सांभाळून व्यापारात उतरलेलं जैन घराणं. थोरल्या भावाचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान, आणि लग्न न केलेली ही बहीण दुकानात गल्ल्यावर बसायची. पोती उतरवताना सांडलेलं धान्य वेचायला एक पोरगी रोज यायची, संगीता तिचं नाव. आक्कानं तिला आधी हाकललं, मग खायला दिलं, मग अंघोळ घातली, आणि एक दिवस हाताला धरून माझ्या खिडकीशी आणलं. "पावणं, ह्या पोरीच्या गावाला गाडी किती वाजता हाय?" आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी झाली. तिच्या त्या 'पावणं'वर मी हसले होते, कारण त्या काळात मला सगळे 'ओ मॅडम' म्हणायचे.

संगीताच्या घरी आक्काचं स्वागत फार झोकात झालं. पोरगी सापडली म्हणून गल्ली गोळा झाली, आक्काची ओटी भरली, शेवयांची खीर केली. पोरीची चुलती तर पोरीला कुशीत घेऊन रडली. आक्का परत आली ती हवेतच. माझ्या खिडकीत खिरीचा डबा ठेवून म्हणाली, "घर ते घर गं, शालन. काय बी म्हन." त्यानंतर थोड्याच दिवसांत संगीता मला पुन्हा फलाटावर दिसली. डोक्यावरचे केस कात्रीनं वेडेवाकडे कापलेले. पळून गेल्याची ही शिक्षा, आणि पुन्हा पळाली तर लाज वाटावी म्हणून केलेली तजवीज. मी आक्काला निरोप धाडला. ती दुकानातून तशीच धावत आली. पोरीला रागवावं की जवळ घ्यावं ते तिला कळेना. शेवटी विचारलं, "अगं, एवढी चांगली मानसं हुती की तुझी!" पोरगी फलाटाकडं बघत म्हणाली, "तुमी हुतासा तवर चांगली हुती."

हे वाक्य आक्काच्या मनात रुतून बसलं. आपल्याकडं पाहुणा आला की घर सणाचं होतं. भांडणं माजघरात जातात, दारूची बाटली माळ्यावर जाते, पोरांना मारणारा हात पोरांना घास भरवायला लागतो. यात ढोंग असतं असंही नाही, ती आपली रीत आहे. कोल्हापुरात तर वैऱ्यालासुद्धा तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. आक्का स्वतः त्याच रीतीत वाढली, म्हणूनच फसली. पुढं ती जेव्हा पोरांच्या घरी राहायला जायची भाषा करू लागली, तेव्हा तिच्या भावानं चिडून म्हण ऐकवली, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." आक्का म्हणाली, "माझी जाऊ दे अक्कल. तिसऱ्या दिवशी घराचं त्वांड दिसतंय का न्हाय, सांग." तेव्हापासून हा नेम झाला. स्टेशनच्या मागं भावाच्याच गोदामाच्या जागेत तिनं मुलींसाठी घर सुरू केलं, पुढं मुलगेही आले, सरकारी परवानगी आली, पगारी माणसं आली, आणि नोकरी सांभाळून मीही तिथं जाऊ लागले. पण कुठलंही मूल घरी परत पाठवायचं ठरलं की, आधी आक्का पिशवी घेऊन त्या घरी जायची आणि तिसरा दिवस मावळल्याखेरीज उठायची नाही.

तिच्या मदतीला तिचं आणखी एक वळण होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग पाणीसुद्धा बेताबेतानंच. तिच्यासाठी त्या घरात लवकर ताट व्हायचं, आणि घरातली सगळी जेवायला बसली की ही भिंतीला टेकून रिकामी. "मी न्हाय खात, मग बघत बसतो," असं म्हणायची. पहिली भाकरी कुणाला जाते, कोण मागून घेतं, कोण मागायला भितं, कुणाच्या ताटात भांड्याच्या तळाची खरवड पडते... जेवणाऱ्याला दुसऱ्याचं ताट दिसत नाही, हे तिचं आवडतं वाक्य. आणि परत आली की, मुलाला कुठं ठेवायचं ते ठरवणाऱ्या सरकारी बालकल्याण समितीपुढं जाण्याआधी, आमच्यापाशी बोलण्याआधी, ती त्या मुलाला समोर बसवायची आणि तिथं काय काय झालं ते सांगायची. चुलीवर काय शिजलं, म्हस व्यालीय का, धाकट्याला दात आलेत का, आणि कोण कसं वागलं तेही. "त्येचं घर हाय. पयलं त्येला कळाय पायजे." पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. जी पोरं घराचं नाव काढलं की शिव्या द्यायची, तीसुद्धा.

कोडोलीला एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. सुट्टी शिल्लक होती आणि आक्कानं डोकं खाल्लं होतं. एका मुलाचे आजी-आजोबा त्याला न्यायला तयार होते. पहिल्या दिवशी बासुंदी, दुसऱ्या दिवशी आमटी-भात. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गोठ्यातून ओरडला, "पावणं, जाणार हायसा का म्हशीगत हितंच बांधून घालू?" मी शरमेनं अर्धी झाले. आक्का मात्र खुशीत म्हणाली, "घाला की. वैरण चांगली हाय तुमची." मग म्हाताऱ्यानं तिला खरोखरच वैरण तोडायला बसवलं. दिवसभर तो आमच्यावर डाफरत होता, म्हातारीवर डाफरत होता. शेजारचं एक पोरगं त्याच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणातून चिखलाचे पाय घेऊन गेलं, त्याला मात्र नुसतं "हळू रं, पडशील" म्हणाला. परतीच्या गाडीत आक्का म्हणाली, "पाठवायचं पोराला. आपल्यावर वराडला, पोरावर न्हाय वराडला." तो मुलगा आज कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. आक्काला खांदा द्यायला आला तेव्हा कारखान्याचाच शर्ट अंगात होता.

सगळीच प्रकरणं अशी गोड झाली नाहीत. निम्म्या घरांतून ती मान खाली घालून परत यायची आणि ते मूल आमच्याकडंच राहायचं. आमच्या त्या घराच्या भिंतीवर मुलांच्या हक्कांचं एक मोठं पत्रक चिकटवलेलं आहे. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून मान्य केलेलं, मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे असं त्यात आहे. मुंबईहून आलेल्या एका संस्थेच्या माणसानं ते दिलं आणि आक्काच्या कामाचं मॉडेल काय आहे, असं विचारलं. आक्का म्हणाली, "मॉडेल कसलं? पिशवी भरायची आन् गाडीत बसायचं." तो बिचारा हसला, लिहून घ्यायचं राहिलं. मला मात्र त्या पत्रकाकडं बघून दमायलाच होतं. एवढ्या देशांनी सह्या केल्या, आणि शेवटी विचारायला एका म्हातारीला लाल गाडीनं धक्के खात जावं लागतं. एक पोर मार्गी लागलं की दोन फलाटावर उतरतात. आक्का दमायची नाही असं सभेत सगळे म्हणाले. ते खोटं आहे. ती फार दमायची. पायरीवर बसून चपला काढायलासुद्धा तिला वेळ लागायचा, आणि त्या काढता काढता ती पुढच्या गावाच्या गाडीचं विचारायची.

शेवटचं प्रकरण मयुरीचं. अकरा-बारा वर्षांची पोरगी, स्टेशनवर केसांच्या पिना विकायची आणि जिन्याखाली झोपायची. आई वारलेली, बापाचा पत्ता नाही. वर्षभरापूर्वी ती आमच्याकडं आली आणि अलीकडं तिचा मामा शोधत आला. शेतमजुरी करणारा, हळू बोलणारा माणूस. समितीचंही मत पडलं की नात्यातलं घर मिळत असेल तर तेच बरं. आणि मयुरी तर उड्या मारत होती. "मला मामाकडं जायाचंय" हा तिचा एकच धोशा. विचारायचं ते विचारून झालं होतं, मुलीनं हो म्हटलं होतं. मी आक्काला म्हटलं, आता या वयात कशाला जातेस? ती म्हणाली, "पोरगी एवढी व्हय म्हंतीया, म्हनूनच बघून याय पायजे." गेली. दुसऱ्या दिवशी तिथंच तिच्या छातीत दुखायला लागलं. मामानं तिला हातांवर उचलून शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं आणि थेट कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. रात्रभर तो बाहेर बाकावर बसून होता. मी आक्काला भेटले तेव्हा तिनं मला जवळ ओढलं. "घर चांगलं हाय गं. मामा देवमानूस हाय. आनि पोरीला तितं जायाचंय..." मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. डोळे न उघडताच म्हणाली, "पन तिसरा दिवस ऱ्हायला, शालन." त्यानंतर तिनं पिशवीचं बजावलं, ते सुरुवातीला सांगितलंच.

मला जायचं नव्हतं. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण सभेनंतर लोक मला "आक्कांचा वारसा तुम्ही चालवताय" असं म्हणायला लागलेत. वारसा वगैरे काही नाही. माझे गुडघे दुखतात, मला लोकांच्या घरी झोप येत नाही, आणि मला दिवस मावळल्यावरच भूक लागते. पण पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. ती सोडून आतलं पातळ कपाटात ठेवायचं माझ्या हातून होईना. समितीची तारीख जवळ येत होती, मयुरी रोज विचारत होती. आक्काचे सुतकाचे दिवस सरले आणि तीच पिशवी घेऊन मी निघाले. मनात हिशेब असा होता की, आक्काचे दोन दिवस झालेत, माझा एक पुरे. पण मामीनं दारात मला बघितलं, आक्काची आठवण काढून रडली, आणि लगेच शेवया काढल्या. पाहुणेपण काही वारशानं मिळत नाही. माझा तो पहिलाच दिवस धरला गेला, आणि मला तीन दिवस काढावे लागले.

दुसऱ्या दिवशी खीर गेली आणि डाळ आली. तिसऱ्या दिवशी मामी सकाळीच म्हणाली, "बसून काय करतासा मावशी, येवढ्या मिरच्या तरी निवडा." मला बरं वाटलं. म्हटलं, झालं, हे घर पास झालं. चुलीपाशी बसून मिरच्यांची देठं काढत होते, तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. आलेला माणूस ओट्यावर बसला. मामीनं चहा नेऊन दिला. पहिल्या दिवशी तिनं मला काहीतरी निमित्त काढून शेजारी धाडलं असतं, पण आता मी घरचीच झाले होते. माणूस म्हणाला, "पोरगी कवा येतीया तुमची? पुन्याची पार्टी थांबायची न्हाय. लेकरू सांभाळायला दुसरी बघतील." मामा दबक्या आवाजात म्हणाला, "तारीख हाय या हप्त्यात. आली की लगेच धाडतो."

तो माणूस गेल्यावर मी मिरच्यांचं सूप तसंच हातात घेऊन बाहेर आले. मामानं मला बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं. तो चिडला नाही, नाकबूल झाला नाही. उंबऱ्यावर बसून राहिला. "मावशी, मी वाईट न्हाय वो. चांगली मानसं हाईत ती. दोन टायमाला पोटभर मिळंल. हितं माझीच तीन हाईत..." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या हातांनी त्यानं आक्काला उचललं होतं, ते हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले होते. तुम्ही वाईट नाही, असं मी म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. दुपारी मामीनं मला ताटात भाकरी वाढली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता जेवलो.

आक्काच्या रीतीनं मी सगळ्यांआधी मयुरीला सांगितलं. मोटरसायकलवाला, पुण्याचं घर, तिथं तिला काय करावं लागेल, मामा काय म्हणाला, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं सांगतासा." मग समितीपुढं ती पुन्हा म्हणाली, मला मामाकडं जायचंय. समितीनं तिचं म्हणणं नीट ऐकलं, माझंही ऐकलं, मामाला बोलावून त्याचंही ऐकलं, आणि सध्या पाठवू नये असं ठरवलं. दर महिन्याला मामानं भेटायला यावं, असंही ठरलं. बरोबरच ठरलं. पण बाहेर आल्यावर पोरीनं माझा हात झटकला. "आक्का असती तर मला पाठवलं असतं," म्हणाली. आक्का असती तर त्याच चुलीपाशी त्याच मिरच्या निवडत बसली असती, हे तिला सांगून काय उपयोग होता? खरं सांगायचं तर मलासुद्धा त्या वेळी आक्काचा राग आला. मधेच उठून गेली, आणि हे बोलून घ्यायला मला मागं ठेवलं.

त्यानंतर मयुरी माझ्याशी बोलेना. हाक मारली की दुसऱ्या खोलीत जायची. मी मात्र संध्याकाळी तिथं जातच राहिले, कशासाठी ते विचारू नका. आमच्या त्या घरात सगळी पोरं अजून दिवस मावळायच्या आतच जेवतात. एकही जैन नाही, पण आक्कानं लावलेली वेळ कुणी बदलली नाही. दाराजवळच्या भिंतीला टेकून ती बसायची तिथं तिची पिशवी खुंटीला अडकवलेली आहे. मामाच्या गावाहून आल्यापासून मी ती रिकामी केलेली नाही. परवा पंगत बसली होती, सुमन वाढत होती, आणि मी भिंतीला टेकून बघत होते. मयुरीनं आपलं ताट उचललं आणि पंगत सोडून माझ्यासमोर येऊन बसली. खाली मान घालून भात कालवत राहिली. मग म्हणाली, "मामीनं काय केलतं?"

"पहिल्या दिवशी शेवयांची खीर. वेलदोडा घालून."

"आन् मग?"

"दुसऱ्या दिवशी डाळ-भात. धाकट्यानं सांडला, तर मामानं स्वतःच्या ताटातला दिला त्याला."

तिनं मान हलवली. हे तिला माहीत असावं. "आन् तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी भाकरी आणि खर्डा."

"मामीचा खर्डा लई तिखट असतोय," ती म्हणाली. तिचा घास हातातच होता. "माझी आई बी तसाच करायची."

खरंच फार तिखट होता, मी म्हणाले. खिडकीतून उन्हाचा शेवटचा तुकडा तिच्या ताटाशी आला होता, आणि ताटातला भात अजून तसाच होता. जेव आधी, दिवस मावळायला आला, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तिनं ताट आणखी जवळ ओढलं, पहिला घास तोंडात घातला आणि भरल्या तोंडानंच म्हणाली, "पयल्यापासनं सांगा की." मग मी दारातली मामी, तिचं रडणं आणि शेवया, इथून पुन्हा सुरुवात केली.